नोकरीचा अर्ज भरताना: प्रत्येक रकान्यामागे एक प्रश्न असतो

काही वर्षं मी अर्जांच्या छाननीचं काम केलं. एका जागेसाठी शे-दीडशे अर्ज समोर असायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यातले दहा-बारा निवडून वरिष्ठांकडे द्यायचे असायचे. पहिल्या वाचनात एका अर्जाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं यायची, त्याहून जास्त नाही. तेवढ्या वेळात डोळे ठरलेल्या चार जागी जायचे. शिक्षण जुळतंय का, असं काम आधी केलंय का, रुजू कधी होता येईल, आणि जाहिरात वाचून अर्ज केलाय की नुसताच पाठवून दिलाय.

एकदा गोदामातल्या नोंदी ठेवायच्या जागेसाठी आलेल्या अर्जात अनुभवाच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: ‘सोबत जोडलेला बायोडेटा पाहावा.’ जोडलेली फाइल उघडेना. मी तो अर्ज बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. वर्षभराने तोच माणूस दुसऱ्या ओळखीने आमच्याकडे कामाला आला, तेव्हा कळलं की आम्हाला हवा होता तसाच नेमका हा होता. त्याच्या हातातलं काम मला तेव्हा दिसायला मार्ग नव्हता; समोर होता तो कोरा रकाना. ती चुटपुट अजून गेलेली नाही, आणि हा लेख बराचसा तिच्यापोटी लिहिते आहे.

अर्ज भरायला बसलात की एक गोष्ट धरून ठेवा. प्रत्येक रकान्यामागे वाचणाऱ्याचा एक प्रश्न असतो. तो ओळखलात की काय लिहायचं ते बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

आधी जाहिरात, मग फॉर्म

जाहिरात एकदा नुसती वाचा, दुसऱ्यांदा पेन घेऊन वाचा. दुसऱ्या वाचनात दोन गोष्टींखाली रेघा मारा: कोणतं काम करायचं आहे ते सांगणारी क्रियापदं, आणि अटी. अटींमध्ये ‘आवश्यक’ आणि ‘प्राधान्य’ हे दोन शब्द वेगवेगळे असतात. आवश्यक म्हटलेली अट पुरी होत नसेल तर अर्ज बहुधा पहिल्याच चाळणीत गळतो. प्राधान्य म्हटलेल्या गोष्टी असतील तर उत्तम, नसतील तरी अर्ज करायला हरकत नाही. नवखी मुलं नेमकी इथे चुकतात. प्राधान्याच्या पाचपैकी दोन गोष्टी नाहीत म्हणून अर्जच करत नाहीत.

मग त्या रेघांच्या बाजूला, समासात, आपल्याकडे त्या गोष्टीचा काय पुरावा आहे ते दोन-तीन शब्दांत लिहा. हा कागद पुढे सगळीकडे कामाला येतो.

१४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागायला एक पत्र लिहिलं. त्याचा मसुदा आजही मिलानमध्ये जपून ठेवलेला आहे. जगातला हा थोर चित्रकार त्या पत्रात चित्रकलेपासून सुरुवात करत नाही. हलके, उचलून नेता येणारे पूल, वेढ्यात खंदकातलं पाणी काढणं, तोफा, झाकलेल्या युद्धगाड्या असं एकेक कलम तो मांडत जातो. शांततेच्या काळातली बांधकामं आणि पाण्याचे पाट शेवटाकडे येतात, आणि शिल्प-चित्राचा उल्लेख तर त्याच्याही नंतर. समोरच्याला लढायांची काळजी होती, म्हणून त्याने लढाईच्या कामाचं कौशल्य आधी सांगितलं. शेवटी त्याने असंही लिहिलं की यातलं काही अशक्य वाटत असेल तर मी प्रत्यक्ष करून दाखवायला तयार आहे. जाहिरात वाचून अर्ज करणं म्हणजे काय, ते यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

याच टप्प्यावर जाहिरात खरी आहे ना, तेही पाहून घ्या. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर तीच जागा दिसते का ते शोधा. नोकरी देतो म्हणून ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ किंवा ‘परत मिळणारी अनामत’ या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. काही सार्वजनिक भरत्यांमध्ये अर्जाचं शुल्क असतं, पण ते मूळ जाहिरातीत छापलेलं असतं आणि अधिकृत ठिकाणीच भरायचं असतं. बँकेचा पासवर्ड, कार्डचा क्रमांक, व्यवहाराचा ओटीपी या गोष्टी अर्जासाठी कुणालाही सांगायच्या नसतात.

एक पक्की फाइल तयार करा

प्रत्येक अर्जाच्या वेळी जुनी प्रमाणपत्रं शोधायची, तारखा आठवायच्या, आधीच्या कार्यालयाचा पत्ता कुणाला तरी फोन करून विचारायचा, यात माणूस दमून जातो आणि दमलेल्या हाताने चुका होतात. एकदाच बसून एक फाइल बनवा. तिच्यात प्रमाणपत्रावर छापलंय अगदी तसं नाव, शिक्षणाची वर्षं आणि गुण, प्रत्येक नोकरीचं पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, संस्थेचा पत्ता, तुमचं काम पाहणाऱ्या वरिष्ठांचं नाव व पद, शिकलेली सॉफ्टवेअर, भाषा, आणि केलेल्या कामांची जमेल तेवढी सविस्तर यादी असू द्या. ही फाइल कुणाला पाठवायची नसते, त्यामुळे लांब झाली तरी चालेल. प्रत्येक अर्जासाठी तिच्यातून हवं तेवढं उचलायचं.

दोन प्रमाणपत्रांवर नावं वेगवेगळी असतील, एकावर आडनाव आधी तर दुसऱ्यावर शेवटी, किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर त्याचा कागद आत्ताच काढून ठेवा. नेमणुकीच्या आदल्या दिवशी त्याची धावाधाव फार जीवघेणी होते.

फॉर्म शेवटपर्यंत चाळा, मग पहिला रकाना भरा

कागदी फॉर्म असेल तर त्याची झेरॉक्स काढा, आधी तिच्यावर पेन्सिलीने भरा, मग मूळ फॉर्मवर उतरवा. ‘काळ्या शाईने’, ‘मोठ्या अक्षरांत’, ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ या सूचना बारीक अक्षरात असतात, पण छाननी करणारा त्यांच्यावरूनच ठरवतो की हा माणूस दिलेली सूचना पाळतो का.

ऑनलाइन फॉर्म असेल तर शक्य असेल तिथे सगळी पानं आधी पुढे-मागे करून बघा. काय काय विचारलंय आणि कोणत्या फाइली लागणार आहेत ते कळतं. अशा फॉर्ममध्ये बराच वेळ काही हालचाल झाली नाही तर लॉगिन संपतं आणि लिहिलेलं सगळं जातं. म्हणून मोठी उत्तरं कधीच थेट फॉर्ममध्ये लिहू नका. आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा, तपासा, मग कॉपी करून चिकटवा. ‘सेव्ह’चं बटण असेल तर प्रत्येक पानानंतर दाबा.

लांबीची मर्यादाही इथेच पाहा. २०० शब्द आणि १,००० अक्षरं यांत फरक आहे. अक्षरं मोजताना मोकळ्या जागाही मोजल्या जातात. आणि मराठीत लिहीत असाल तर आणखी एक गोष्ट आहे: संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजतो. ‘नोकरी’ आपल्याला तीन अक्षरी दिसते, संगणकाला पाच. ‘क्षि’ एकच अक्षर वाटतं, तिथे चार मोजले जातात. मर्यादा जवळ आली की शेवटचं वाक्य मधेच तुटतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

नाव, फोन, ईमेल, तारखा

नाव पक्क्या फाइलमधलं, जसंच्या तसं. ईमेलचा पत्ता साधा, स्वतःच्या नावाचा ठेवा. कॉलेजच्या दिवसांतला गमतीचा पत्ता असेल तर नवा काढायला पाच मिनिटं लागतात. आत्ताच्या नोकरीच्या ठिकाणचा ईमेल देऊ नका. नोकरी सुटली की तो बंद होतो, आणि त्यावर आलेलं पत्र आणखी कोण वाचेल ते सांगता येत नाही. फोन क्रमांकात देशाबाहेरच्या जागेसाठी पुढे अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड घाला. क्रमांक लिहिल्यावर एकेक आकडा बोट ठेवून वाचा. निवड झालेल्या उमेदवाराचा क्रमांक एका आकड्याने चुकलेला निघाला, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. ईमेलही चुकीचा असेल तर मग काहीच करता येत नाही.

तारखांचं स्वरूप फॉर्ममध्ये सांगितलेलं असतं ते पाळा. ०३/०४ हे काही ठिकाणी ३ एप्रिल वाचतात, तर अमेरिकेत ४ मार्च. स्वरूप सांगितलंच नसेल तर महिन्याचं नाव अक्षरांत लिहा.

शिक्षण

इथे फार विचार करायचा नाही. सगळ्यात अलीकडचं आधी, फॉर्मने उलटं मागितलं असेल तर उलटं. टक्के मागितले असतील आणि तुमच्याकडे दहापैकी श्रेणीगुण (सीजीपीए) असतील, तर तुमच्या विद्यापीठाने दिलेलंच सूत्र वापरा. मनाने दहाने गुणू नका. निकाल लागायचा असेल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ आणि अपेक्षित महिना लिहा. अर्धवट सोडलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यासारखा लिहू नका. किती सत्रं पूर्ण केली ते लिहा.

अनुभव: इथे वेळ घालवा

अख्ख्या अर्जात सगळ्यात जास्त वेळ या रकान्याला द्या, कारण वाचणाराही इथेच थांबतो. त्याचा प्रश्न असतो: आमच्याकडे जे काम पडलंय, त्यासारखं काही या माणसाने केलंय का, आणि किती?

बहुतेक अर्जांत असं असतं: ‘गोदामात मदतनीस म्हणून काम केले. दिलेल्या सर्व जबाबदाऱ्या चोखपणे पार पाडल्या.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘चोखपणे’ हा त्याने काढायचा निष्कर्ष आहे; आपण फक्त पुरावा द्यायचा. आता त्याच कामाबद्दल स्वतःला प्रश्न विचारा. रोज सकाळी गेल्यावर हातात पहिलं काय घ्यायचात? किती वस्तू होत्या? नोंद कशावर व्हायची? सोबत किती जण होते? तुम्ही आल्यानंतर काय बदललं? उत्तरं जोडली की असं काहीसं होतं:

‘आलेल्या मालाची मोजणी करून स्प्रेडशीटमध्ये रोजची नोंद; सुमारे १,२०० प्रकारच्या वस्तू. दर महिन्याच्या साठा-तपासणीत तीन जणांच्या गटात काम. खराब आणि चुकीच्या मालाची वेगळी यादी ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे परत पाठवायचा माल त्याच आठवड्यात निघू लागला.’

माणूस तोच, काम तेच. पण आता वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर गोदाम उभं राहतं. यात स्वतःची तारीफ करणारं एकही विशेषण नाही हे पाहा. क्रियापदं आणि आकडे आहेत. आकडा नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, पण मुलाखतीत विचारलं तर कसा काढला ते सांगता आलं पाहिजे.

आणि आता जाहिरातीचा रेघा मारलेला कागद समोर घ्या. जाहिरातीत ‘साठा-व्यवस्थापन’ असा शब्द असेल आणि तुम्ही तेच काम ‘मालाचा हिशेब’ म्हणून लिहिलं असेल, तर जाहिरातीतला शब्द वापरा. काम एकच आहे, पण शोधणारा त्याच्या शब्दाने शोधतो. न केलेल्या कामाचा शब्द मात्र उचलू नका.

‘मी फ्रेशर आहे, मला लिहायला काहीच नाही’ हे वाक्य मी खूप ऐकलंय. अशीच एक मुलगी माझ्याकडे अर्ज दाखवायला आली होती. अनुभवाच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली होती. सहज बोलता बोलता कळलं की कॉलेजच्या काळात ती दोन वर्षं एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून बसायची. साठेक सभासद, पुस्तकांची देवघेव वहीत, उशीर झालेल्यांना फोन. ‘पण त्याचे पैसे मिळत नव्हते,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘पैसे मिळाले का असं फॉर्मने कुठे विचारलंय? काम केलंस का, एवढंच विचारलंय.’ अर्ज होता कार्यालयीन सहायकाचा. नोंदी ठेवणं, लोकांशी बोलणं, पाठपुरावा करणं, जाहिरातीतल्या चारपैकी तीन गोष्टी ती दोन वर्षं करत होती. आम्ही त्या रेघेच्या जागी तीन ओळी लिहिल्या, पुढे ‘स्वयंसेवक’ असं स्पष्ट लिहून.

तेव्हा शिकत असतानाचे प्रकल्प, इंटर्नशिप, घरच्या व्यवसायात केलेली मदत, संस्थेच्या कार्यक्रमाचा सांभाळलेला हिशेब, शिकवण्या, हे सगळं आठवून बघा. फक्त ते कोणत्या नात्याने केलं ते खरं लिहा.

मधल्या काळात नोकरी नसेल तर तो काळ लपवायला तारखा ताणू नका. ‘घरातील आजारपणामुळे १४ महिने नोकरीपासून दूर, याच काळात हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यासक्रम पूर्ण’ अशी एक ओळ पुरते. वाचणाऱ्याला खंड खटकतो तो कारण न कळल्यामुळे. घरातल्यांची सेवा, बाळंतपण, स्वतःचं आजारपण, कंपनी बंद पडणं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि तपशीलही द्यायची गरज नाही.

‘तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?’

या प्रश्नाला येणारी नव्वद टक्के उत्तरं एकाच साच्यातली वाटायची: ‘आपली संस्था नामांकित असून मला माझ्या कौशल्यांचा विकास करण्याची संधी मिळेल.’ संस्थेचं नाव बदललं तरी हे वाक्य कुठेही चिकटतं, म्हणून ते कुठेच लागू पडत नाही. हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतलेली उत्तरंही अशीच ओळखू येतात. भाषा गुळगुळीत असते, पण ज्याच्यावर बोट ठेवावं असं आत काही नसतं. शुद्धलेखन तपासायला, वाक्य छोटं करायला अशा साधनांची मदत खुशाल घ्या. अनुभव मात्र तुमचाच लागतो, तो त्यांच्याकडे नाही.

मी सुचवते तो क्रम असा: त्यांना काय हवंय, त्यातलं मी काय केलंय, आणि मला हेच काम का करायचंय. एक नमुना पाहा, ग्राहक-सहायता विभागासाठी:

‘जाहिरातीत ग्राहकांच्या तक्रारी २४ तासांत निकाली काढण्याचा उल्लेख आहे. आधीच्या कामात रोज साधारण ४० फोन घेत होतो. तेच ते प्रश्न येत असल्याचं लक्षात आल्यावर मी उत्तरांची एक पानाची टिपणं तयार केली, ती पुढे सगळा गट वापरू लागला. चिडलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून अडचण सोडवणं मला जमतं आणि आवडतं. लेखी तक्रारींचं काम शिकायची इच्छा आहे, आणि या पदावर ते आहे.’

‘एखादा कठीण प्रसंग सांगा’ अशा प्रश्नांसाठी स्टार पद्धत म्हणून एक बांधणी जगभर शिकवतात. प्रसंग काय होता, त्यात तुमची जबाबदारी कोणती, तुम्ही काय केलंत, आणि परिणाम काय झाला. पहिल्या दोन गोष्टी दोन-तीन वाक्यांत उरका. उत्तराचा मोठा भाग ‘मी काय केलं’ यावर असू द्या. आपण मराठीत ‘आम्ही केलं, ठरवलं गेलं’ असं लिहितो, त्यात तुमचा वाटा हरवतो. इथे ‘मी’ लिहिणं उद्धटपणाचं नाही. परिणाम चांगला झाला नसेल तरी लिहा, आणि पुढच्या वेळी काय वेगळं केलंत तेही.

अडचणीचे रकाने

अपेक्षित पगार. आधी तशाच पदांच्या इतर जाहिराती बघून अंदाज घ्या, मग एक आकडा नाहीतर छोटा पल्ला लिहा. पल्ल्याचा खालचा आकडा असा असावा की तेवढा मिळाला तर तुम्ही खरंच रुजू व्हाल. महिन्याचा विचारलाय की वर्षाचा, आणि कपातीआधीचा की हातात येणारा, हे पाहून लिहा. सक्ती नसेल तर ‘चर्चेअंती’ चालतं.

आधीची नोकरी का सोडली? एक ओळ, आणि तीही पुढे पाहणारी. ‘कंत्राट संपले’, ‘कामाचा व्याप वाढवायचा होता’, ‘शहर बदलले’. आधीच्या साहेबांनी कितीही छळलं असलं तरी ते इथे लिहू नका. तुमचं म्हणणं खरं असेलही, पण वाचणाऱ्याला दुसरी बाजू कळायला मार्ग नसतो, आणि तो तुमच्याबद्दलच शंका घेऊन पुढे जातो.

संदर्भासाठी नावं. ज्यांची नावं देणार त्यांना आधी विचारा, आणि परवानगी मिळाली की जाहिरातीची प्रतही पाठवा. अचानक फोन आलेला माणूस ‘हो, चांगला आहे’ एवढंच म्हणतो. कोणत्या कामासाठी विचारताहेत हे माहीत असलेला माणूस तुमच्या कामाचा एखादा प्रसंग सांगतो. सध्याच्या नोकरीतल्यांना कळू द्यायचं नसेल तर ‘निवड निश्चित झाल्यावरच संपर्क साधावा’ असं लिहिता येतं.

कायदेशीर प्रश्न शब्दन् शब्द वाचा. ‘गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का’ आणि ‘खटला प्रलंबित आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विचारलंय तेवढ्याचंच, पण खरं उत्तर द्या. अपंगत्वाबद्दल विचारलं असेल आणि परीक्षेला किंवा मुलाखतीला लेखनिक, जास्त वेळ, जिना न चढावा लागणारी जागा अशी काही सोय लागणार असेल, तर संकोच न करता लिहा. आयत्या वेळी सांगितलं तर करायची इच्छा असूनही जमत नाही.

जो रकाना तुम्हाला लागू नाही तिथे ‘लागू नाही’ असं लिहा. कोरा सोडला तर विसरलात की टाळलंत, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

खरं तेच

अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास…’ असं प्रतिज्ञापत्र असतं. लोक ते न वाचता सही करतात. त्याचा अर्थ असा की नोकरी लागल्यावरही, कितीही वर्षांनी, खोटं उघड झालं तर ती जाऊ शकते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्रवेश विभागाच्या प्रमुख असलेल्या मॅरिली जोन्स यांनी एप्रिल २००७मध्ये राजीनामा दिला. संस्थेत लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या, आणि तेव्हाला २८ वर्षं झाली होती. मधल्या काळात त्यांच्या कामाचं देशभर नाव झालेलं होतं. म्हणजे काम जमत होतं. त्या पदव्यांवाचून ते अडलंही नाही.

नवखे लोक एवढं मोठं खोटं लिहीत नाहीत. ते आठ महिन्यांचं वर्ष करतात, ‘मदतनीस’चं ‘प्रमुख’ करतात, एकदा उघडून पाहिलेल्या सॉफ्टवेअरपुढे ‘उत्तम’ लिहितात. आधीच्या कार्यालयाला एक फोन किंवा मुलाखतीतला एक साधा प्रश्न, एवढ्यात ते उघडं पडतं. आणि मग अर्जातलं खरं असलेलंही कुणी मानत नाही. मला यात फार वाईट वाटतं ते यासाठी की आठ महिनेही पुष्कळ असतात, नीट सांगितले तर.

फाइली जोडताना

जाहिरातीत वर्ड म्हटलं असेल तर वर्ड, नाहीतर पीडीएफ. पीडीएफ दुसऱ्याच्या संगणकावरही तशीच दिसते, मांडणी विस्कटत नाही. पण पीडीएफचे दोन प्रकार असतात. एकात खरी अक्षरं असतात, दुसऱ्यात कागदाचा नुसता फोटो. ओळखायची सोपी युक्ती: फाइल उघडा, एक परिच्छेद निवडून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. अक्षरं आली तर ठीक. काहीच निवडता आलं नाही तर तो फोटो आहे. संगणकाला तो वाचायला जड जातो. मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं आली, तर फाइल बहुधा जुन्या फाँटमध्ये आहे; युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, पुन्हा टाइप करा.

फाइलचं नाव ‘फायनल-नवीन-२’ असं ठेवू नका. तुमचं नाव, कागदाचा प्रकार, पदाचं नाव, बस. शेकडो फाइली एका ठिकाणी उतरवून घेणाऱ्याला तुमची सापडली पाहिजे. आकाराची मर्यादा केबीमध्ये आहे की एमबीमध्ये ते बघा. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. प्रमाणपत्रं ३०० डीपीआयने (हे स्कॅनच्या स्पष्टतेचं माप) स्कॅन केलीत तर बारीक अक्षरं आणि शिक्केही वाचता येतात. आकार कमी केल्यावर फाइल पुन्हा उघडून गुण आणि नाव वाचता येताहेत ना, ते पाहा. शेवटी स्वतःलाच ईमेल करून फोनवर उघडा. माझ्यासमोर न उघडलेली ती एक फाइल आठवली की मी हे सगळ्यांना सांगते.

वाचणारा कधीकधी संगणक असतो

मोठ्या संस्थांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातात. ते बायोडेटातली माहिती उचलून रकान्यांत बसवतं आणि भरती करणाऱ्याला शब्दांनी शोधू देतं. सुशोभित चौकटी, दोन स्तंभांची मांडणी, चित्रात लिहिलेला मजकूर, पानाच्या अगदी वरच्या पट्टीत दिलेला फोन क्रमांक, हे काही वेळा त्याला वाचता येत नाही. साधा एका स्तंभाचा बायोडेटा, ‘शिक्षण’, ‘अनुभव’, ‘कौशल्ये’ अशी सरळ शीर्षकं, एवढं केलंत की पुरे. बायोडेटा अपलोड केल्यावर फॉर्म आपोआप भरला गेला असेल तर प्रत्येक रकाना तपासा. तारखा आणि पदं हमखास इकडची तिकडे होतात.

‘या कामाचा परवाना आहे का’, ‘रात्रपाळी चालेल का’ असे हो-नाहीचे प्रश्न सहज टिकमार्क करण्यासारखे वाटतात. चुकीच्या ‘नाही’वर माणसाच्या नजरेला न पडताच अर्ज बाद होऊ शकतो. तिथे सावकाश जा.

पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर

जमलं तर एक रात्र मधे जाऊ द्या. सकाळी अर्ज मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे वाक्य अडलेलं असतं. मग दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्यांना ‘कसा वाटतो’ असं विचारू नका, ‘हा अर्ज कोणत्या कामासाठी आहे आणि मी त्यात काय केलंय, ते सांग’ असं विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर छाननी करणाऱ्यालाही कळणार नाही. जुन्या अर्जावरून नवा बनवला असेल तर एकच गोष्ट खास शोधा: आधीच्या संस्थेचं नाव. दुसऱ्याच संस्थेबद्दल जिव्हाळ्याने लिहिलेली उत्तरं वाचायची वेळ माझ्यावर कितीदा तरी आली आहे.

शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. त्या दिवशी संकेतस्थळ रेंगाळतं, ओटीपी येत नाही. दोन-तीन दिवस आधी पाठवा. सबमिट केल्यावर अर्ज क्रमांक दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट घ्या, आणि पोचपावतीचा ईमेल आला नाही तर स्पॅममध्ये बघा.

मग एक साधा तक्ता ठेवा: तारीख, संस्था, पद, अर्ज क्रमांक, पुढे काय झालं. जाहिरातीत निकालाची मुदत दिली असेल तर ती संपेपर्यंत थांबा. दिली नसेल तर दोनेक आठवड्यांनी अर्ज क्रमांक लिहून एक छोटा, नम्र ईमेल पाठवायला हरकत नाही. एकदाच.

या तक्त्याशेजारी, एकाच फोल्डरमध्ये, पाठवलेल्या अर्जाची आणि जाहिरातीची प्रत ठेवायला विसरू नका. मुदत संपली की जाहिरात बहुधा संकेतस्थळावरून काढून टाकतात. फोन येतो तो तीन-चार आठवड्यांनी, तोवर तुम्ही आणखी दहा ठिकाणी अर्ज केलेले असतात. पलीकडून कुणीतरी विचारतं, ‘तुम्ही १,२०० वस्तूंची नोंद लिहिली आहे, ती कशी ठेवायचात?’ तेव्हा तो फोल्डर उघडा. मग घाई न करता सांगायला लागा, अगदी सकाळी गेल्यावर हातात पहिलं काय घ्यायचात तिथपासून.